तिसरा येईपर्यंत

ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट ज्याने पहिल्यांदा सांगितली, तो मोठा चतुर माणूस असला पाहिजे. हुशार पण आळशी मुलांना धाक आणि मंद पण कष्टाळू मुलांना धीर, ही दोन्ही कामे त्याने एकाच गोष्टीत उरकून टाकली. पण त्या गोष्टीत एक मुद्दा गृहीत धरलेला आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ससा आणि कासव एकमेकांविरुद्ध धावत आहेत, हा तो मुद्दा. समजा, शर्यत सुरू होण्यापूर्वी पंचाने त्या दोघांना जवळ बोलावले असते आणि सांगितले असते, ‘‘बाबांनो, तुम्ही दोघे एकाच बाजूचे. तुमच्यापैकी जो मागाहून पोचेल, त्याची वेळ तीच दोघांची वेळ!’’ तर काय झाले असते? सशाला झाडाखाली झोप लागली असती का? आणि आपल्यासाठी कोणी तरी पुढे ताटकळत उभे आहे हे ठाऊक असताना कासवाला तरी तितक्याच शांतपणे चालता आले असते का?

माझ्यापुरते सांगायचे, तर या प्रश्नाचे उत्तर मी पायांनी चालून मिळवले आहे. ते कसे, हे सांगण्यापूर्वी ‘ॲडव्हेंचर रेस’ हा प्रकार काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण तिला साहस-शर्यत म्हणू. या शर्यतीत थोडी सायकल चालवायची असते, बरेचसे डोंगर चालायचे असतात, मध्येच कोठे नाव वल्हवायची असते, एखाद्या कड्यावरून दोराने उतरायचे असते. मुख्य म्हणजे रस्ता कोणी आखून दिलेला नसतो. हाती एक नकाशा आणि एक होकायंत्र. नकाशावर काही जागा वर्तुळाने दाखवलेल्या असतात. आपली आपण वाट शोधून तेथे पोचायचे, आणि तेथे टांगून ठेवलेल्या टोचणीने आपल्या कार्डाला भोके पाडून घ्यायची. प्रत्येक टोचणीची नक्षी निराळी, त्यामुळे लबाडीला वाव नाही. खिशातला फोन आधीच पाकिटात घालून मोहोरबंद केलेला असतो. रानात उभे राहून ‘मी कोठे आहे?’ हा प्रश्न यंत्राला विचारायचा नसतो; स्वतःला विचारायचा असतो.

हे खूळ तसे फार जुने नव्हे. १९६८ साली इंग्लंडात डोंगरी मॅरेथॉन सुरू झाली. तिच्यात तंबू, अन्न, पांघरूण सारे पाठीवर घेऊन दोघांच्या जोडीने दोन दिवस डोंगर तुडवायचे असत. पुढे जेरार फ्युसिल नावाच्या एका फ्रेंच पत्रकाराने १९८९ साली न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोलवाज’ ही शर्यत भरवली. संघ पाच जणांचा, त्यात निदान एक स्त्री हवीच, आणि सगळे बरोबर पोचले तरच पोचले, हे तिचे नियम. १९९५ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘इको-चॅलेंज’ सुरू झाली. ही मंडळी शेकडो किलोमीटर जातात, रात्रीच्या रात्री झोपत नाहीत. २०१९ साली फिजी बेटांवर झालेल्या अशाच शर्यतीत आपल्या देशाचाही एक संघ उतरला होता, आणि त्यात २०१३ साली एव्हरेस्ट चढून आलेल्या ताशी आणि नुंग्शी मलिक या जुळ्या बहिणी होत्या.

या सगळ्या शर्यतींचे मैल निराळे, मुलूख निराळे. पण एक नियम समान असतो. संघ फुटता कामा नये. पहिला पोचला म्हणून घड्याळ थांबत नाही. शेवटचा येईपर्यंत ते चालूच राहते.

हे ऐकून पाश्चात्त्यांच्या कल्पकतेचे कौतुक करण्याची घाई मात्र मराठी माणसाने करू नये. आपल्या दिंडीत दुसरे काय असते? टाळकरी तरणाबांड आहे म्हणून तो एकटाच पुढे निघून जात नाही. वेळापूरजवळ माउलींच्या पालखीबरोबर ‘धावा’ होतो, तेव्हा वारकरी धावतात खरे. पण धावतात ते सगळे मिळून. पंढरपुरात पहिला कोण पोचला, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

आता आमच्या संघाविषयी. तो तिघांचा होता. पहिला माझा भाचा, वय सव्वीस. हा मुलगा पळू लागला म्हणजे शेजारून सायकलवाल्याला घंटी वाजवण्याची लाज वाटावी. दुसरा मी. माझ्या वयाचा आकडा सांगत नाही. पन्नाशीनंतर माणसाने आकड्यांत पडू नये. आणि तिसरी ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि भाच्याची आई. वय अठ्ठावन्न. उभा जन्म तिने शाळेत भूगोल शिकवण्यात घालवला आणि दर हिवाळ्यात मुलांना एकेक किल्ला चढवला.

खरे तर ती जागा भाच्याच्या एका मैत्रिणीची होती. शर्यतीला तीन महिने उरले असताना त्या मुलीचे मनगट मोडले. तिघांत एक स्त्री हवी, हा नियम. भाचा हातात अर्ज घेऊन हताश बसला होता. ताई स्वयंपाकघरातून हात पुशीत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘मी येते. नकाशा मला वाचता येतो. तुम्हांला दोघांनाही येत नाही.’’

हे विधान इतके खरे होते, की त्यावर वाद घालण्यासारखे काही उरले नाही.

पण भाच्याने होकार दिला तो केवळ नकाशासाठी नव्हे. त्याला जर्मनीत नोकरी लागली होती. जानेवारीत निघायचे होते. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झालेली. म्हणजे त्याच्या मागे घरात ताई एकटीच राहणार. त्या पावसाळ्यात तो कामासाठी आठवडाभर परगावी गेला असताना ताई तापाने पडून होती. रोज रात्री फोनवर तिने त्याला सांगितले, की सर्व ठीक आहे. आम्हांला ही गोष्ट कळली ती दूधवाल्याकडून. मी रागावलो, तर ती उलट माझ्यावरच डाफरली, ‘‘मला काय धाड भरलीय?’’

‘मला काय धाड भरलीय’ हे ताईचे पालुपद. मला वाटते, आपल्या पुष्कळ घरांतल्या आयांचे हेच पालुपद असते. दुसऱ्याचे ओझे त्या न मागता उचलतात. आपले मात्र कोणाला हात लावू देत नाहीत. एके रविवारी सिंहगड उतरताना भाचा मला हळूच म्हणाला, ‘‘मामा, आई एकटी राहील, याची मला काळजी नाही. ती सांगणार नाही, याची आहे. जाऊ की नको?’’ मी काय उत्तर देणार? मी पुढे चाललेल्या ताईच्या पाठीकडे पाहत राहिलो. त्या पाठीवर पिशवी होती, आणि ती आमच्या दोघांच्या पिशव्यांपेक्षा जड होती.

सिंहगडाच्या त्या फेऱ्यांत आम्ही एक गोष्ट शिकलो, ती सांगण्याजोगी आहे. पहिल्या रविवारी भाचा सवयीने पुढे जाई, एखाद्या झाडाखाली थांबे, आम्ही दिसलो की ‘‘चला!’’ म्हणून उठे. दोन-तीन वेळा असे झाल्यावर ताई म्हणाली, ‘‘तू थांबतोस तेव्हा तुझी विश्रांती होते. आम्ही पोचतो तेव्हा तुझी विश्रांती संपलेली असते. मग आमची कधी व्हायची?’’ बोलणे साधे, पण त्यात मोठे मर्म आहे. ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते, आणि ज्याला आहे त्याला मिळत नाही. जाणते गिर्यारोहक सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात, ते यासाठीच. पुढल्या रविवारपासून ताई पुढे, मी मध्ये आणि ससा मागे, अशी आमची वरात निघू लागली. सशाला फार जड गेले. वेगाने पळण्यापेक्षा हळू चालायलाच ताकद अधिक लागते, असे तो म्हणे.

इकडे जेवणाच्या टेबलावर भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा पसरलेला असे. हा नकाशा पन्नास हजारांत एक या प्रमाणाचा. त्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी बारीक रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, दर वीस मीटरला एक. रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. या रेषा पाहून ताईच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राही, आणि माझ्या डोळ्यांपुढे बोटाचा ठसा! वळणावळणाच्या वाटेची लांबी मोजायला तिने लोकरीचा धागा घेतला होता. तो वाटेवर ठेवायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलेला हिशेबही तिने आमच्याकडून पाठ करून घेतला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. ‘‘नेस्मिथला गुडघे नव्हते,’’ ताई म्हणाली, ‘‘आपण दुप्पट धरू.’’

शर्यत डिसेंबरातली होती. दुपारी दोन वाजता पौडाहून निघायचे, आणि रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी भाज्याला पोचायचे. निघण्याआधी आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या: विजेरी, शिट्टी, पांघरूण, औषधांची पेटी, क्षारसाखरेच्या पुड्या. ताईच्या पिशवीत याखेरीज दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा एक खडा निघाला. तपासणारा तरुण दशम्यांकडे पाहत म्हणाला, ‘‘काकू, हे यादीत नाही.’’ ताई म्हणाली, ‘‘यादी करणाऱ्याला भूक लागत नसेल.’’

कोळवणच्या खोऱ्यातून सायकली पिटाळीत आम्ही तिकोन्याच्या पायथ्याशी आलो. पवना धरणाच्या एका काठाला तिकोना आणि पैलतीरी तुंग. मावळत्या उन्हात तुंगाचे निमुळते टोक पाण्यात उलटे दिसत होते. रबरी नावेतून वल्ही मारताना आम्हां तिघांत प्रथम भांडण झाले. एक जण जोराने वल्हवू लागला की नाव गोल फिरते. नाव पुढे जायला सर्वांचे वल्हे एकदम पाण्यात पडावे लागते. शेवटी ताईने वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तसे ‘‘एक… दोन… एक… दोन…’’ सुरू केले आणि आम्ही निमूटपणे पैलतीर गाठला.

अंधार पडला तो तुंगाच्या पायथ्याशी. तेथून लोहगड नकाशावर वीतभरसुद्धा नाही. पण ती वीत पायांनी मोजायची म्हणजे ओढे, घळी आणि कारवीचे रान. रात्री अकराच्या सुमारास आम्ही एका सोंडेपाशी आलो. ती सरळ ओलांडली तर अर्धे अंतर वाचत होते. बैलगाडीच्या वाटेने वळसा घेतला तर ते दुप्पट होत होते. भाच्याचे पाय सोंडेकडे वळले. ताईने खाली बसून नकाशावर विजेरी धरली, लोकरीचा धागा काढला आणि निकाल दिला, ‘‘रात्रीच्या वेळी ज्या वाटेवर चुकता येत नाही, ती वाट जवळची.’’ आम्ही वळशाने निघालो. मागून आलेला एक तरुण संघ सोंडेवर चढला. पुढे तासभर त्यांच्या तीन विजेऱ्या कारवीत वर-खाली, इकडे-तिकडे हिंडताना आम्हांला दिसत होत्या. काही वेळाने त्या तीन जागी तीन दिसू लागल्या. तेव्हा ताई म्हणाली, ‘‘आता संपलं त्यांचं.’’ वाट चुकलेला संघ पुन्हा वाटेवर येतो. फुटलेल्या संघाला मात्र आधी एकमेकांना शोधावे लागते.

दोन वाजले. रात्रीची ही वेळ मोठी वाईट. शरीराची ऊब उतरते, डोळे उघडे असून माणूस झोपेत चालतो. मला वाटेतल्या धोंड्यांच्या जागी बसलेल्या म्हशी दिसू लागल्या, आणि त्यांना वळसा घालून मी चालू लागलो. समोर दुधिवरे खिंडीकडचा चढ होता. लोहगडवाडीच्या थांब्यावर पहाटे पाचच्या आत पोचायचे होते. त्यानंतर येणाऱ्यांना तेथेच थांबवणार होते.

ताईचा वेग कमी झाला होता. ते तिलाही कळत होते आणि आम्हांलाही. संध्याकाळपासून भाच्याने दोनदा पिशवी मागितली होती आणि दोन्ही वेळा त्याला पालुपद ऐकावे लागले होते. त्याच्यापाशी एक दोरीही होती, आतून रबर असलेली. पुढच्याच्या पिशवीला एक टोक आणि मागच्याच्या कमरेला दुसरे टोक बांधले, म्हणजे पुढच्याची ताकद मागच्याला मिळते. असे ओढणे या शर्यतींत राजरोस चालते, त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. ताईने मात्र ती दोरी पाहून, ‘‘मी काय गाय आहे?’’ असे विचारले होते. त्यामुळे आता तो काही बोलत नव्हता. मीही बोललो नाही. आमच्या बुटांखाली सुके गवत तेवढे चुरचुरत होते.

चढाच्या मध्यावर ताई थांबली. वळून तिने आमच्याकडे पाहिले. कपाळावरच्या विजेरीमुळे तिचा चेहरा आम्हांला दिसत नव्हता. कदाचित त्यामुळेच तिला बोलणे सोपे गेले असेल.

‘‘बाळ,’’ ती म्हणाली, ‘‘मी दमले. पिशवी घे.’’

भाचा पुढे झाला. त्याने पिशवी घेतली, ती आपल्या छातीवर अडकवली. ‘‘मी म्हणतच होतो’’ असे काहीही तो बोलला नाही, याबद्दल मला त्याचे फार कौतुक वाटले. मग तो क्षणभर घुटमळला. ताईच म्हणाली, ‘‘आणि ती दोरी कुठाय? बांध.’’ त्याने खाली बसून तिच्या कमरेला दोरी बांधली. बोटे थंडीने आखडली होती, गाठ बसत नव्हती. ताई वरून सांगत होती, ‘‘निरगाठ नको, सुरगाठ मार,’’ जशी त्याला लहानपणी बुटाची नाडी बांधायला शिकवताना सांगत असे.

मग आम्ही चढलो. पुढे तो, मध्ये ताणलेली दोरी, मागे ताई. मी शेवटी चालत होतो, त्यामुळे मला ती दोरी दिसत होती. चार पावलांत तिला झोका बसला. पुढे पाचव्या-सहाव्या पावलाला त्याने चाल अशी जमवली, की दोरी ताणलेली तर राहावी पण हिसका बसू नये. हे कौशल्य पळण्याच्या कोणत्याही बक्षिसात मोजले जात नाही. मला तेव्हा कळले, की या शर्यतीत पिशवी घेणे हा सोपा भाग. अवघड भाग ती देण्याचा. घेणाऱ्याला फक्त खांदे लागतात. देणाऱ्याला आपल्या उभ्या आयुष्याची सवय मोडावी लागते.

लोहगडवाडीला आम्ही चार वाजून पस्तीस मिनिटांनी पोचलो. तेथे कोणी तरी चहा दिला. तो चहा कसा होता, हे मी सांगणार नाही. ज्यांनी पहाटे डोंगरावर असा चहा घेतला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही, आणि इतरांना ते पटायचे नाही. थांब्यावर ताईने दोरी सोडून नीट गुंडाळली आणि आपल्याच खिशात ठेवली. पुढे गायमुखाच्या खिंडीतून उतरताना लोहगड डावीकडे आणि विसापूर उजवीकडे असे दोघे उजळत गेले. ताईच्या पाठीवर पिशवी नव्हती आणि तिने ती परत मागितलीही नाही.

भाज्याला शेवटच्या कमानीखाली एक गृहस्थ घड्याळाच्या कळीवर अंगठा ठेवून उभे होते. भाचा कमानीखाली गेला. मी गेलो. ताई दहा पावले अलीकडे थांबली आणि खाली वाकली.

‘‘काकू, या ना! वेळ चाललीय!’’ गृहस्थ ओरडले.

‘‘थांबा हो, नाडी सुटलीय,’’ ताई म्हणाली, ‘‘पडले तर उचलायला दोघेच आहेत.’’

सुरगाठ मारून ती शांतपणे चालत आली. अंगठा कळीवर पडला. सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. आमच्या गटातल्या एकोणीस संघांत आमचा क्रमांक चौदावा लागला. हा आकडा मी नातेवाइकांना मोठ्या अभिमानाने सांगतो. उरलेले पाच संघ पोचलेच नव्हते, म्हणजे पोचलेल्यांत आम्ही शेवटचे होतो, हे मात्र कोणी विचारले तरच सांगतो.

जानेवारीत भाचा जर्मनीला गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो. मी त्या वेळी ताईकडे असलो म्हणजे मलाही ते बोलणे ऐकू येते. पूर्वी ‘‘कशी आहेस?’’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. गेल्या रविवारी ती त्याला म्हणाली, ‘‘आज गुडघा दुखतोय. जिना उतरले नाही. दूध आणायला शेजारच्या मुलीला सांगितलंय.’’

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘‘बरं झालं सांगितलंस.’’